पाडव्याची चंद्रकोर आणि ईदचा चांद

नागपुरात हंसापुरीतील ज्या गल्लीत आमचे घर आहे, तेथून मोमिनपुरा पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. ३० मार्च २०२५ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, गुढी उतरवण्यासाठी मी गच्चीवर गेलो. हळदकुंकू वाहून झाले, तांब्या काढला, साखरेची गाठी आणि कडुनिंबाची डहाळी ताटात ठेवली आणि खणाची घडी घालता घालता शेजारच्या गच्चीकडे लक्ष गेले. तेथे टेलर चाचा आपल्या दोन नातवंडांना घेऊन पश्चिमेकडे तोंड करून उभे होते. रोजा सोडून आणि मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, नमाज आटोपून ते वर आले होते. "वो देखो, टंकी के ऊपर, जरा बाएं," असे ते नातीला सांगत होते. तिने बोट केले त्या दिशेला मीही पाहिले. तांबूस आकाशात नखाच्या कडेएवढी बारीक कोर होती. सापडेपर्यंत तेथे काहीच नाही असे वाटत होते आणि पापणी मिटून उघडली की ती पुन्हा शोधावी लागत होती. चाचांनी दोन्ही हात उचलून दुआ मागितली, मग माझ्याकडे वळून "चांद मुबारक" म्हणाले. मी त्यांना पाडव्याच्या शुभेच्छा दिल्या.

आदल्या वर्षीच्या पाडव्यालाही, म्हणजे ९ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळी, आम्ही असेच आपापल्या गच्चीवर होतो. त्या दिवशीही रमजानचा एकोणतिसावा रोजा होता, पण बराच वेळ पाहूनही कोणाला काही दिसले नाही. "कल तीसवां," एवढेच म्हणून चाचा जिना उतरले आणि ईद ११ एप्रिलला झाली. म्हणजे एका वर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ईद आली आणि एका वर्षी मधला एक दिवस सोडून आली. असे का होते, ईदची तारीख आदल्या रात्रीपर्यंत पक्की का नसते आणि रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे का सरकतो, हे माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला जेवढे उलगडले तेवढे येथे मांडतो आहे.

मी मुस्लिम नाही आणि शरीयतीचा अभ्यासकही नाही. या विषयाकडे मी वळलो ते एका जुन्या चिडीमुळे. पुष्कळ वर्षांपूर्वी, नोकरीच्या ठिकाणी, छापील यादीतली ईदची सुट्टी ऐनवेळी एक दिवस पुढे गेली आणि दोघांनी मिळून करायचे ठरलेले काम मला एकट्याला करावे लागले. चंद्राचे गणित शेकडो वर्षांपासून माहीत असताना रात्रीपर्यंत वाट पाहायची कशाला, असे मी तेव्हा सहकाऱ्याला फटकन बोललो होतो. तो गप्प राहिला. माझा प्रश्न चुकीचा नव्हता, पण त्याला उत्तर आहे आणि ते विचारपूर्वक दिलेले उत्तर आहे, हे मला फार उशिरा कळले.

आधी चंद्राकडे पाहू. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९ दिवस, १२ तास आणि ४४ मिनिटे जातात. त्यामुळे चंद्रावर चालणारा महिना कधी २९ दिवसांचा होतो, तर कधी ३० दिवसांचा. आपले पंचांग आणि मुस्लिमांची हिजरी कालगणना ही दोन्ही याच चंद्रावर चालतात. फरक आहे तो महिना कोणत्या क्षणी सुरू झाला असे मानायचे याचा. २०२५ च्या मार्चमध्ये अमावास्या २९ तारखेला दुपारी साडेचारच्या सुमारास संपली. आपल्याकडे सूर्योदयाला जी तिथी असते ती त्या दिवसाची तिथी, म्हणून ३० मार्चच्या सूर्योदयाबरोबर चैत्र शुद्ध प्रतिपदा धरली गेली आणि गुढी उभी राहिली. हिजरी कालगणनेत दिवस सूर्यास्ताला बदलतो, आणि नवी कोर डोळ्यांना दिसली की त्या सूर्यास्तापासून नवा महिना लागतो. ती कोर ३० मार्चच्या संध्याकाळी दिसली आणि रमजान संपून शव्वाल हा पुढचा महिना लागला; त्याचा पहिला दिवस म्हणजे ईद. चैत्र सकाळी लागला, शव्वाल संध्याकाळी लागला. मधले अंतर जेमतेम बारा तासांचे होते. आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये दर महिन्याच्या प्रतिपदेला किंवा द्वितीयेला बारीक अक्षरांत ‘चंद्रदर्शन’ असे छापलेले असते, आणि जवळपास कोठेतरी मुस्लिम महिन्याचा आरंभही नोंदलेला असतो. अनेक वर्षे ती अक्षरे मी पाहिली होती, पण त्या दोन नोंदी शेजारी का असतात, याचा विचार कधी केला नव्हता.

ही कोर मराठी माणसाला परकी मुळीच नाही. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतील ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः’ ही हीच चंद्रलेखा, रोज वाढत जाणारी आणि जगाने वंदावी अशी. भाऊबीजेला भावाच्या आधी चंद्राला ओवाळतात तो चंद्रही हाच, दुसऱ्या दिवसाचा. आणि बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण ‘ईदचा चांद झालास’ असे म्हणतो, तेव्हा त्या चंद्राच्या दुर्मीळपणाची आपल्याला पुरती जाणीव असते.

आता प्रश्न येतो तो गणिताचा. अमावास्या कोणत्या मिनिटाला संपते हे गणिताने अचूक सांगता येते, यात शंका नाही. पण अमावास्या संपणे आणि कोर दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमावास्येच्या क्षणी चंद्र सूर्याच्या दिशेलाच असतो, त्याची उजळलेली बाजू आपल्याकडे पाठ करून असते. त्यानंतर तो सूर्यापासून दिवसाला सुमारे १२ अंश, म्हणजे तासाला साधारण अर्धा अंश दूर जातो. हे अंतर ७ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय कोर तयारच होत नाही, आणि तयार झाली तरी ती इतकी क्षीण असते की संधिप्रकाशात विरघळून जाते. नुसत्या डोळ्यांना ती सहज दिसायला साधारणपणे चंद्राचे ‘वय’ वीस तासांच्या पुढे जावे लागते. त्याहून कमी वयाचा चंद्र दिसतो, पण त्यासाठी हवा स्वच्छ लागते, क्षितिज मोकळे लागते आणि पाहणाऱ्याची नजर सरावलेली लागते.

दोन्ही पाडव्यांना हे माप लावून पाहा. २०२४ मध्ये अमावास्या ८ एप्रिलच्या रात्री पावणेबारानंतर संपली. त्याच सुमारास अमेरिकेत दिवस होता आणि तेथील लोक खग्रास सूर्यग्रहण पाहत होते, म्हणजे चंद्र अगदी सूर्यावर होता. दुसऱ्या दिवशी नागपुरात सूर्य मावळला तेव्हा त्या चंद्राचे वय सुमारे साडेअठरा तास होते आणि त्याचा शंभरावा हिस्साही उजळलेला नव्हता. वय असे सीमारेषेवरचे असले की गावागणिक निकाल बदलतो. काश्मीर, लडाख आणि केरळमध्ये त्या वर्षी १० एप्रिललाच ईद झाली, आपल्याकडे ११ ला. २०२५ मध्ये मात्र पाडव्याच्या सूर्यास्ताला चंद्र २६ तासांचा होता आणि सूर्यानंतर तासाभराहून अधिक वेळ आकाशात राहणार होता. मग तो दिसणे स्वाभाविकच होते.

असे असले तरी, अमुक वयाचा चंद्र दिसतो असे कोष्टक करून महिना ठरवायला काय हरकत आहे, असे कोणी विचारील. येथे नियमाचा मूळ आधार पाहावा लागतो. पैगंबरांच्या हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या वचनांत, असा आदेश आहे की चंद्र पाहून रोजे सुरू करा आणि चंद्र पाहून रोजे सोडा; आकाश झाकलेले असेल तर महिन्याचे तीस दिवस पूर्ण करा. आणखी एका हदीसमध्ये त्यांनी महिना किती दिवसांचा हे हाताच्या बोटांनी दाखवल्याचे वर्णन आहे. दहाही बोटे तीन वेळा उघडली की तीस होतात, आणि तिसऱ्या वेळी एक अंगठा मिटला की एकोणतीस. आम्ही लिहिणारे आणि हिशेब करणारे लोक नाही, असे त्याच हदीसमध्ये म्हटले आहे. मला या वर्णनात फार मोठी गोष्ट दिसते. वाळवंटातला मेंढपाळ असो की बाजारातला हमाल, महिना कधी लागला हे जाणण्यासाठी त्याला कोणत्याही पंडिताच्या दारी जावे लागू नये, डोळे आणि दहा बोटे पुरावीत, अशी ही व्यवस्था आहे. तीस झाले की पुढे पाहण्याचीही गरज उरत नाही. म्हणूनच २०२४ मध्ये चाचांनी दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाण्याची आवश्यकता नव्हती.

आपल्या संकष्टी चतुर्थीशी तुलना केली की हे चटकन लक्षात येते. संकष्टीलाही उपास चंद्र पाहूनच सोडायचा असतो. पण श्रावणात ढग असले तर आपण वर्तमानपत्रातली चंद्रोदयाची वेळ पाहतो, आकाशाकडे हात जोडतो आणि ताट वाढून घेतो. आपण गणिताला दर्शनाच्या जागी बसवले आहे आणि त्यात आपल्याला काही खटकत नाही. हिजरी महिन्याच्या बाबतीत बहुसंख्य मुस्लिम परंपरेने दर्शनाची जागा दर्शनालाच ठेवली. त्यांच्यातही यावर मोकळी चर्चा आहे, आणि केवळ गणितावर चालणारे समाजही आहेत. आपल्या इतवारीत ज्यांची जुनी दुकाने आहेत त्या दाऊदी बोहरा समाजाची कालगणना पूर्णपणे गणिती आहे. त्यांच्याकडे ३० वर्षांचे चक्र असते, त्यात १९ वर्षे ३५४ दिवसांची आणि ११ वर्षे ३५५ दिवसांची येतात, आणि रमजान नेहमीच ३० दिवसांचा असतो. त्यामुळे त्यांची ईद बहुधा इतरांच्या एक-दोन दिवस आधी येते आणि ती कित्येक वर्षे आधी सांगता येते.

चंद्र पाहिला, असे कोणी म्हटले की लगेच ईद जाहीर होत नाही. त्यासाठी रुयत-ए-हिलाल कमिटी असते. हिलाल म्हणजे नवी कोर आणि रुयत म्हणजे दर्शन. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी उलेमा, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, एकत्र बसतात, ज्यांनी चंद्र पाहिला त्यांची शहादत, म्हणजे साक्ष, घेतात, इतर शहरांतून आलेल्या बातम्या पडताळतात आणि मग मशिदींतून घोषणा होते. साक्षीचे नियम वाचताना मी अक्षरशः थांबून गेलो, इतका त्यांत व्यवहाराचा विचार आहे. भारतात मोठ्या प्रमाणावर पाळल्या जाणाऱ्या हनफी पद्धतीनुसार, आकाशात ढग असतील तर रमजान सुरू करण्यासाठी एका विश्वासू माणसाची साक्ष पुरते. ईदसाठी मात्र दोन पुरुषांची किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रियांची साक्ष लागते. आणि आकाश निरभ्र असेल तर एक-दोघांची साक्ष पुरत नाही, पुष्कळ लोकांनी पाहिलेले असावे लागते. वरवर पाहता हे उलटे वाटते. पण विचार करा, ढगांच्या फटीतून एखाद्यालाच कोर दिसणे शक्य आहे. आकाश स्वच्छ असताना हजारो लोक पाहत आहेत आणि दिसली फक्त एकालाच, तर त्याच्या नजरेला भास झाला असण्याची शक्यता अधिक. तसेच रमजान एक दिवस आधी धरला तर चुकून एक रोजा जास्त होईल, पण ईद एक दिवस आधी धरली तर फर्ज, म्हणजे अनिवार्य, असलेला एक रोजा बुडेल, म्हणून शेवटाकडे अधिक कडक पुरावा मागितला जातो.

आणखी एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. एखाद्याने ईदचा चंद्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, पण त्याची एकट्याची साक्ष ग्राह्य धरली गेली नाही, तर हनफी मतानुसार त्याने दुसऱ्या दिवशी सर्वांबरोबर रोजा ठेवायचा असतो. ईद एकट्याची नसते. सगळे ज्या दिवशी रोजे सोडतात तो ईदचा दिवस, अशा अर्थाची हदीस आहे.

हा निर्णय इतक्या काळजीने घ्यावा लागतो, कारण ‘एक दिवस इकडे तिकडे’ येथे चालत नाही. महिना संपला नसेल तर उद्याचा रोजा अनिवार्य आहे, आणि महिना संपला असेल तर उद्या रोजा ठेवणे निषिद्ध आहे, कारण ईदच्या दिवशी उपास करायचा नसतो. त्याच रात्री तरावीहची नमाज पढायची की नाही हेही त्यावरच ठरते, कारण ती फक्त रमजानच्या रात्रींची. म्हणजे मगरिब आणि रात्रीची इशा या दोन नमाजांच्या मधल्या तासा-दीड तासात सगळ्या वस्तीला उत्तर हवे असते.

आखाती देशांत ईद बहुधा आपल्या एक दिवस आधी का असते, हा प्रश्न नागपुरातही दर वर्षी निघतो. मक्का नागपूरच्या पश्चिमेला रेखांशाच्या जवळजवळ ४० अंशांवर आहे, त्यामुळे तेथे सूर्य आपल्यानंतर सुमारे अडीच तासांनी मावळतो आणि तेवढ्या वेळात चंद्र अधिक मोठा झालेला असतो. सीमारेषेवरच्या संध्याकाळी एवढा वेळ निर्णायक ठरतो. शिवाय प्रत्येक देशाची साक्ष स्वीकारण्याची पद्धत वेगळी असते. दूरच्या ठिकाणचे चंद्रदर्शन आपल्याला लागू करायचे का, यावर फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत जुनी चर्चा आहे. त्या चर्चेतला ‘मतला’ हा शब्द वाचून मला आनंद झाला, कारण मराठी गझल लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना तो गझलेचा पहिला शेर म्हणून ओळखीचा आहे. मुळात त्याचा अर्थ उगवण्याची जागा असा आहे, आणि चंद्राच्या बाबतीत ज्या त्या प्रदेशाचे क्षितिज असा.

आता रमजान मागे का सरकतो ते पाहू. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि सूर्याचे वर्ष तीनशे सव्वापासष्ट दिवसांचे असते. दर वर्षी जवळजवळ ११ दिवसांची तूट पडते. आपल्या पंचांगाने ती भरून काढण्यासाठी साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास घातला, म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडावरच येते आणि पोळा पावसाळ्यातच राहतो. हिजरी कालगणनेत अधिक मास नाही. हा एकच फरक आहे, आणि तो नीट समजला की बाकीचे सगळे कोडे सुटते.

उदाहरणादाखल गेल्या काही ईदांच्या तिथी काढून पाहिल्या. २०१८, २०१९ आणि २०२० या तिन्ही वर्षी रमजान ईद ज्येष्ठ महिन्यात आली. २०२० मध्ये अश्विन अधिक होता. त्यानंतर २०२१ ला १४ मे, २०२२ ला ३ मे आणि २०२३ ला २२ एप्रिल अशा तीन ईद आल्या, आणि या तिन्ही दिवशी अक्षय्य तृतीया होती. लोकांना तेव्हा त्याचे मोठे नवल वाटले होते, मलाही वाटले होते. पण दोन अधिक मासांच्या मधल्या काळात पंचांगाचे महिने आणि हिजरी महिने एकमेकांचा हात धरून चालतात, त्यामुळे एकदा जोडी जमली की ती दोन-तीन वर्षे टिकते. मग २०२३ मध्ये श्रावण अधिक आला, जोडी एका महिन्याने मोडली आणि २०२४ पासून ईद चैत्रात, पाडव्याच्या शेजारी येऊन बसली. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून २०२७ ची ईद फाल्गुनात. दर अधिक मासाला ईद पंचांगातला एक महिना मागे जाते, एवढेच सूत्र.

आषाढी एकादशी आणि बकरी ईद २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला एकाच दिवशी आल्या, त्यामागेही हेच. बकरी ईद जिल्हिज महिन्याच्या १० तारखेला असते आणि हिजरी तारीख आपल्या तिथीच्या एखाद-दुसऱ्या दिवसाने मागे असते, त्यामुळे ती शुद्ध दशमी-एकादशीच्या आसपासच पडणार. त्या वेळी महाराष्ट्रातल्या अनेक गावांतील मुस्लिमांनी एकादशीला कुर्बानी न करता दुसऱ्या दिवशी केली. कुर्बानीसाठी १०, ११ आणि १२ असे तीन दिवस असतात, त्याचा त्यांनी मनापासून उपयोग केला. २०२३ च्या २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या, तेव्हा राज्य सरकारने ईदची सुट्टी २९ तारखेला दिली होती. बकरी ईदच्या बाबतीत रात्रीची ती धाकधूक नसते, हेही येथे सांगून टाकतो. चंद्र दहा दिवस आधीच दिसलेला असतो.

नागपूरकरांना या सरकण्याचा सर्वांत जवळचा दाखला उमरेड रोडवरच्या ताजबागेत मिळतो. तेथे ज्यांचा दर्गा आहे त्या सूफी संत बाबा ताजुद्दीन यांचा जन्म १८६१ मध्ये कामठीला झाला. वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेल्या या अवलियाला राजे रघुजीराव भोसल्यांनी १९०८ मध्ये मानाने आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात आणले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी ते गेले, आणि तो दिवस हिजरी १३४४ च्या मोहरमची २६ तारीख होता. त्यांचा उरूस या हिजरी तारखेने भरतो, म्हणून तो कधी पावसाळ्यात येतो, कधी थंडीत, कधी उन्हाळ्यात. आता हिशेब पाहा. इंग्रजी तारखेने त्यांच्या जाण्याला शंभर वर्षे झाली ती १७ ऑगस्ट २०२५ ला. हिजरी १४४४ मधला मोहरम मात्र २०२२ च्या ऑगस्टमध्येच आला होता, म्हणजे चंद्राची शंभर वर्षे तीन वर्षे आधी भरली. चंद्राची शंभर वर्षे म्हणजे सूर्याची सत्त्याण्णव. तेवढ्या अवधीत मोहरम महिन्याने सगळ्या ऋतूंतून तीन पूर्ण फेऱ्या मारल्या आणि तो पुन्हा ऑगस्टला आला. ताजबागेत चादर घेऊन जाणाऱ्या मराठी कुटुंबांना हे गणित कोणी शिकवलेले नसते, पण ‘या वर्षी उरूस लवकर आहे’ हे त्यांच्या तोंडी असते.

अधिक मास घालायचा नाही, हे ठरवून केलेले आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात ‘नसी’ नावाची प्रथा होती, जिच्यात महिने मागेपुढे केले जात. वर्षातील चार महिने युद्धबंदीचे पवित्र महिने मानले जात. सोयीनुसार ते पुढे ढकलता येऊ लागले, तर त्या बंदीला अर्थ राहत नाही. कुराणाच्या नवव्या सुऱ्यात वर्षाचे महिने बाराच आहेत असे सांगून नसीचा निषेध केला आहे. महिन्यांच्या नावांत मात्र ऋतूंच्या खुणा अजून दिसतात. ‘रबी’ म्हणजे वसंत, आणि ‘रमजान’च्या मुळाशी रखरखीत उष्णतेचा अर्थ आहे. नावे तशीच राहिली, महिने ऋतूंपासून सुटून फिरू लागले.

याचा परिणाम नागपुरात राहणाऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. रोजा पहाट फुटल्यापासून सूर्यास्तापर्यंत असतो आणि पाण्याचा घोटही चालत नाही. जूनमध्ये आपल्याकडे तो पावणेपंधरा तासांच्या आसपास जातो, डिसेंबरमध्ये सव्वाबारा तासांचा होतो. २०१८ आणि २०१९ मध्ये अख्खा नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ रणरणते दिवस, रमजानात आला होता. त्या दिवसांत चाचांच्या दुकानासमोर बर्फाचे पाणी विकणारी गाडी उभी असायची, आणि चाचा ओला पंचा डोक्यावर टाकून मशीन चालवायचे. मी एकदा त्यांना म्हणालो, "चाचा, रमजान थंडीतच ठेवायला हवा होता." ते म्हणाले, "फिर लंडन वाले क्या करेंगे? और जो दुनिया के नीचे रहते हैं, वो?" मी त्यावर बराच विचार केला. आपला डिसेंबर हा दक्षिण गोलार्धातला उन्हाळा. महिना एका ऋतूला बांधून टाकला तर जगाच्या एका भागाला कायमचा सोपा उपास आणि दुसऱ्याला कायमचा कठीण उपास पडेल. फिरत्या महिन्यामुळे साडेबत्तीस वर्षांत प्रत्येकाच्या वाट्याला सगळे ऋतू येतात. २०३० मध्ये तर जानेवारीत आणि डिसेंबरच्या शेवटी असे दोन रमजान एकाच इंग्रजी वर्षात लागतील, दोन्ही हिवाळ्यात.

शेतीला मात्र असे फिरते वर्ष सोयीचे नव्हते, आणि हे राज्यकर्त्यांच्या लवकर लक्षात आले होते. शेतसारा चंद्राच्या वर्षाने घ्यायचा तर पिके निघतात बत्तीस वर्षांची आणि सारा द्यावा लागतो तेहतीस वर्षांचा, अशी रयतेची अवस्था होईल. म्हणून दख्खनमध्ये इ. स. १३४४ पासून सुहूर सन चालला. त्याचे आकडे हिजरीतून घेतलेले, पण वर्ष सूर्याचे, मृग नक्षत्रापासून सुरू होणारे. पुढे अकबराच्या काळात पिकांच्या हिशेबाचा फसली सन आला. मराठ्यांच्या मोडी कागदांत हा सगळा मेळ एका ओळीत सापडतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिले असेल तर एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर ११६१; त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७६०-६१, पानिपताचे साल. आणि महिन्याची तारीख ‘छ २० रमजान’ अशी. हा ‘छ’ म्हणजे चंद्र. पेशव्यांच्या कारकुनाला रोजच्या पत्रावर रमजान, शव्वाल, मोहरम लिहिताना काही वेगळे वाटत नव्हते. त्याच्यासाठी ती कचेरीची तारीख होती. आपण ज्याला आज दुसऱ्यांचे कॅलेंडर समजतो, त्याने आपल्याच पूर्वजांची पत्रे भरलेली आहेत.

चांद जाहीर झाल्यानंतरच्या रात्रीला चांदरात म्हणतात, आणि ती रात्र पाहायची तर मोमिनपुऱ्यातच पाहावी. दहा दिवस मशिदीतच राहून उपासना करत एतिकाफला बसलेली माणसे त्या संध्याकाळी घरी परततात. ज्यांनी फितरा दिलेला नसतो ते तो देण्याची घाई करतात, कारण गरिबाच्या घरीही ईद व्हावी म्हणून दिली जाणारी ही रक्कम ईदच्या नमाजेआधी पोहोचायला हवी. शेवया, खारीक आणि चारोळी यांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नसते, बांगड्या भरून घेणाऱ्या मुलींच्या रांगा लागतात, आणि अत्तरवाल्याच्या लाकडी पेटीभोवती तरुण मुले मनगटे पुढे करून उभी असतात. हे सगळे एका रात्रीत व्हायचे असते आणि ती रात्र आज की उद्या हे संध्याकाळपर्यंत कोणालाच ठाऊक नसते.

चाचांच्या धंद्यात हा एक दिवस फार मोठा. २०२४ मध्ये चंद्र दिसला नाही तेव्हा त्यांना एक जादा रात्र मिळाली आणि सगळी शिलाई वेळेत झाली. २०२५ च्या पाडव्याला मात्र ते गच्चीवरून थेट दुकानात गेले. हँगरवर पाच कुर्ते काज-बटणाचे बाकी होते. मी गुढीच्या प्रसादातल्या गाठीचा तुकडा घेऊन दुकानात गेलो, तेव्हा ते चष्मा कपाळावर ढकलून सुईत दोरा ओवत होते आणि नातू बटणांची पुडी धरून शेजारी बसला होता. शेवटचा कुर्ता एक मुलगा सकाळी, पहाटेच्या फजरच्या नमाजेनंतर, ईदच्या नमाजेला निघताना घेऊन गेला.